पाव फेरा

मी, खाली सही करणारा, वय वर्षं चौऱ्याहत्तर, धंदा जुने कॅमेरे आणि त्यांतले लाइट मीटर दुरुस्त करण्याचा, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली, नशेत किंवा कुणी गोड बोललं म्हणून लिहीत नाही. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला मागे जोडला आहे. डावा कान पूर्ण गेला, उजव्याला यंत्र आहे. पण लिहायला कान लागत नाहीत. वकिलांनी करून दिलेला मसुदा मी परत पाठवला. त्यात मी सगळ्यांना सगळं 'प्रेमापोटी' देतो असं छापलं होतं. मी जे देतो आहे त्यातलं बरंचसं शिसारीपोटी देतो आहे, तेव्हा तसंच लिहिणार. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम १. दुकानाची जागा आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला. ती शाळेत गणित शिकवते. तिला या धंद्याची किळस आहे, आणि त्यात तिची काही चूक नाही, मलाही आहे. जागा विकायची असेल तर खुशाल विकावी. फक्त समोरच्या स्टुडिओवाल्याला विकू नये. तो माणसांच्या गालांवरचे डाग पुसून, रंग उजळवून, माणूस ओळखू येणार नाही असे फोटो देतो आणि लोक त्याचे हात धरून आभार मानतात. माझ्या भिंतींना ते बघायला लावू नये.

कलम २. बँकेत जे काही असेल ते मुलीला. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला हिशेब कळतो आणि ती कुणाला भीत नाही.

कलम ३. हे कलम देण्याघेण्याचं नाही, समजून घेण्याचं आहे. ते वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून मुलीने कंटाळा न करता वाचावं.

जुन्या कॅमेऱ्याच्या खिडकीत एक सुई असते. उजेड किती आहे ते ती दाखवते, आणि ती सुई चालते एका बटणाएवढ्या सेलवर. पूर्वी तो सेल पाऱ्याचा असायचा. एक पूर्णांक पस्तीस व्होल्ट. पहिल्या दिवशी तेवढाच आणि मरायच्या आदल्या दिवशीही तेवढाच. इतकं सरळ वागणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही. पारा विषारी म्हणून तो सेल बंद केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. विष ते विषच. तक्रार त्यानंतरची आहे. त्याच मापाचा, त्याच खळग्यात चपखल बसणारा दीड व्होल्टचा सेल बाजारात आला आणि विकणारे सगळे एका सुरात म्हणायला लागले, तोच आहे हो, काही फरक नाही. फरक आहे. विजेचा दाब जास्त मिळाला की सुई जास्त चढते, माणसाला वाटतं उजेड भरपूर आहे, तो भिंगातलं उजेड सोडणारं भोक बारीक करतो आणि फोटो काळा येतो. सुई हवी त्यापेक्षा खाली राहिली तर उलटं होतं. भोक मोठं ठेवलं जातं, उजेड भसाभसा आत शिरतो आणि फोटो पांढरा पडतो. जास्तीला काळा, कमीला पांढरा. या धंद्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी तो हेच सांगेल.

यावर इलाज तीन. एक, कानाच्या यंत्राचा सेल घालायचा. त्याचा दाब पाऱ्याच्या सेलच्या जवळपास असतो, पण मागचा स्टिकर काढला की तो हवा घेऊन जागा होतो आणि दोन महिन्यांत मरतो. दोन, चांदीचा सेल घालून त्याच्याभोवती एक पितळी रिंग बसवायची आणि तिच्यात डायोड डकवायचा, म्हणजे जास्तीचा दाब डायोड खातो. तीन, कॅमेऱ्याचं बूड उघडून आतला ट्रिमर फिरवायचा, म्हणजे जास्त दाबावरही सुई बेताने चढते. ट्रिमर म्हणजे तांदळाएवढा एक स्क्रू. तिन्ही इलाज चांगले आहेत. मात्र एका कॅमेऱ्याला एकच करायचा.

कलम ४. टेबलाखाली एक काचेची बरणी आहे. तिच्यात गेल्या कित्येक वर्षांत मी लोकांच्या कॅमेऱ्यांतून खरवडून काढलेले, फुटून वाहिलेले सेल आहेत. हिरवा थर, पांढरी भुकटी, तांब्याच्या पट्ट्या कुजून गेलेल्या. हे मी बोटांनी, कापसाने, व्हिनेगर लावून साफ केलं आहे आणि जेवताना हाताला तो वास यायचा. ही बरणी चौकातल्या घड्याळवाल्याला द्यावी. हे सगळे सेल त्याच्याच दुकानातून 'तोच आहे हो' म्हणून गेले. झाकण घट्ट लावून द्यावी, मुलीने हातमोजे घालावेत. घड्याळवाल्याने घालू नयेत.

कलम ५. दातांच्या डॉक्टरांचे तीन कॅमेरे माझ्या कपाटात दुरुस्तीला पडून आहेत, ते परत द्यावेत. त्यांनी सेल हलतो म्हणून खळग्यात चॉकलेटची चांदी कोंबली होती. मी विचारलं, तर म्हणाले कुठेतरी व्हिडिओत पाहिलं. हा माणूस दुसऱ्याच्या दाढेत भरलेली चांदी कोरून काढतो आणि स्वतःच्या कॅमेऱ्यात वेष्टणाची भरतो. मी त्यांच्याकडे दोन दाढा भरून घेतल्या आहेत. त्या दिवसापासून मी त्या बाजूने चावत नाही.

शिवाय हल्लीची पोरंपोरी गळ्यात कॅमेरा अडकवून येतात. फिल्म नसते, सेल नसतो, सुई मेलेली असते. विचारलं तर म्हणतात, छान दिसतो ना. त्यांना मी काही देत नाही.

कलम ६. शेजारी कानाची यंत्रं विकणाऱ्या बाई आहेत. माझ्या कानाला आणि कॅमेऱ्याला एकाच मापाचा सेल लागतो, त्यामुळे मी त्यांचा दुहेरी गिऱ्हाईक आहे. कितीतरी वेळा गिऱ्हाईक समोर बडबडत असताना मी कानातला सेल काढून मीटरमध्ये घातला आहे. त्याच्या बोलण्यापेक्षा मीटरला उजेड कळणं जास्त गरजेचं असतं. बाईंना माझं यंत्र आणि उरलेली पाकिटं द्यायची होती. पण त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत, आणि वकील म्हणतात की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घ्यायचं नसतं. घेणारा साक्षीची सही करील तर त्याला दिलेलं बाद होतं. तेव्हा बाईंना काही नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्या कानातलं वापरलेलं यंत्र मला कशाला हवंय.

कलम ७. कामाचं टेबल, त्यावरचा दिवा, सगळे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगचं सामान, आणि निळ्या डबीत ठेवलेला पाऱ्याचा शेवटचा सेल, जो मी अजून महिन्यातून एकदा मोजतो आणि जो अजून एक पूर्णांक पस्तीस दाखवतो, हे सगळं माझ्या धाकट्या भावाला.

हे वाचून मुलगी उठून उभी राहील. तिने बसावं आणि पुढचं वाचावं.

धाकटा माझ्याहून सात वर्षांनी लहान. या टेबलावर माझ्या उजव्या हाताला बसायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. कामात मात्र घाई. गिऱ्हाईक थांबलंय, सेल घातला, सुई हलली की कॅमेरा पुढे सरकवून म्हणायचा, "सुई हलली ना, मग झालं." हे वाक्य मी त्याच्या नावाला चिकटवलं. गिऱ्हाइकांपुढे त्याची नक्कल करायचो. जेवायला बसलो की म्हणायचो, काय रे, पोट हललं ना, मग झालं. लोक हसायचे. तोही हसायचा, आणि मला वाटायचं त्यालाही मजा वाटते.

मुलीला माहीत असलेली हकिगत अशी: तिची आई शेवटच्या आजारात होती. दवाखान्यात तिने एकही फोटो काढू दिला नाही. एका सकाळी घरी आलेली असताना म्हणाली, "आज काढा. आज मी बरी दिसतेय." निळे कपडे घातले, गच्चीवर खुर्ची टाकून उन्हात बसली. कॅमेरा तिचाच, आदल्या दिवशी काकाने सेल घालून तयार ठेवलेला. रोल स्लाइडचा, कारण तिला फोटो भिंतीवर मोठे करून बघायला आवडायचे. नवव्या दिवशी ती गेली. बाराव्या दिवशी स्लाइड आल्या. सगळ्या काळ्या होत्या, कारण काकाने दीड व्होल्टचा सेल ठोकून दिला होता.

ही हकिगत मी सांगितली. ती खोटी आहे.

कलम ८. मी खरं काय ते लिहितो.

त्या सकाळी वरून ती हाक मारत होती, ऊन सरकतंय म्हणून. मी कॅमेरा हातात घेतला. सेलचं झाकण उघडून बघितलं नाही. बघायचं काय, धाकट्याने काय घातलं असणार ते मला माहीतच होतं. मी बूड उघडलं आणि सवयीने ट्रिमर पाव फेरा खाली घेतला. दीड व्होल्टला तेवढाच लागतो, हजार वेळा केलं आहे. दिव्यापुढे धरून पडताळला नाही. गच्चीवर गेलो आणि फोटो काढले.

स्लाइड आल्या तेव्हा मी इथेच, टेबलाच्या दिव्यावर पहिली धरली. काळी नव्हती. पांढरी होती. दुसरी पांढरी, तिसरी पांढरी. चेहरा नाही, नुसता उजेड. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. निळे कपडे धुऊन विटल्यासारखे. मुलगी शेजारी उभी आहे, तिचीही तीच गत.

जास्तीला काळा, कमीला पांढरा. मला एका नजरेत कळलं. धाकट्याने सेल बरोबर घातला होता. मग मी कॅमेऱ्याची पिशवी उपडी केली, तर आतल्या कप्प्यात त्याची चिठ्ठी निघाली: 'दादा, चांदीचा सेल, रिंग करून डायोड टाकलाय. तीनदा मोजलं. १.३५. ट्रिमरला हात लावू नकोस.' त्याने वहिनीसाठी जन्मात पहिल्यांदा घाई केली नव्हती. त्याच्या बरोबर कामावर मी माझं बरोबर काम केलं आणि दोन्ही मिळून तिचा चेहरा पुसून टाकला.

तेवढ्यात तो दारात आला. म्हणाला, "कशा आल्यात?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणालो, "काळ्या. सगळ्या काळ्या. तुझी सुई हलली."

त्याने बघू दे म्हटलं असतं तर त्यालाही एका नजरेत कळलं असतं. पण त्याने मागितल्या नाहीत. काय तोंडाने मागणार होता. तिथेच उभा राहिला, मग त्याचं स्टूल उचललं आणि गेला. आता दोन गल्ल्या पलीकडे फोनची कव्हरं आणि चार्जर विकतो. त्यानंतर त्याने सोल्डरिंग आयर्न हातात धरलेलं नाही, असं ऐकतो. पुतणीने त्याच्याशी बोलणं सोडलं, ते माझ्या सांगण्यावरून. याला एकोणीस वर्षं झाली.

मी या कागदावर घड्याळवाल्याला, डॉक्टरांना, पोरापोरींना नावं ठेवली आहेत. ती खोडत नाही, ती खरी आहेत. पण त्या बरणीतल्या हिरव्या घाणीची मला जेवढी किळस येते त्याहून जास्त किळस मला त्या झाकण लावणाऱ्या हाताची येते. तो हात माझा आहे आणि मी रोज त्यानेच जेवतो. खरं सांगायला एकोणीस वर्षांत मला एक दिवस सापडला नाही. दर वर्षी वाटायचं, आता इतक्या दिवसांनी काय सांगायचं.

तेव्हा माझ्या पश्चात स्लाइडचा डबा आणि चिठ्ठी धाकट्याला द्यावी. त्याने एक स्लाइड उजेडात धरावी. बाकी त्याला कळेल.

कलम ९. रोलमधली छत्तिसावी स्लाइड मुलीला. ती एकच नीट आली आहे. शेवटी तिच्या आईने कॅमेरा माझ्या हातातून घेतला. मी सुई बघ म्हटलं तर म्हणाली, "तुमच्या सुईला विचारून मी आयुष्यात काही केलेलं नाही," आणि अंदाजाने काढला. फोटो माझा आहे. कपाळाला आठ्या, तोंड कडू. माझा चेहरा जपून ठेवण्यासारखा नाही. पण ऊन तिच्या पाठीमागून येत होतं, आणि माझ्या पायाशी तिची सावली पडली आहे: खांदे, कोपर, वर धरलेला कॅमेरा. त्या दिवसाचं तिचं नीट आलेलं तेवढंच आहे.

कलम १०. इथे मृत्युपत्र संपणार होतं. सहीसाठी कानाच्या यंत्राच्या बाईंना बोलावलं. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायलाच हवा असं नाही, पण त्या चष्मा लावून बसल्या आणि पहिल्यापासून वाचत गेल्या. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवला. मला नीट ऐकू यावं म्हणून उजव्या बाजूला येऊन म्हणाल्या, "हे मेल्यावर द्यायचं? तो दोन गल्ल्या सोडून बसतो. तुमचे कान गेलेत, पाय नाही गेलेत." आणि सही न करता निघून गेल्या.

म्हणून हे कलम वाढवतो आहे.

काल दुपारी डबा घेऊन गेलो. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची फट आहे, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. मी बाहेर उभा राहिलो. तो कुणाच्या तरी फोनवर काच चिकटवत होता. केस पांढरे झालेत. मी डबा आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवली. त्याने आधी चिठ्ठी बघितली, अक्षर ओळखलं. मग एक स्लाइड काढून ट्यूबलाइटकडे धरली.

"पांढऱ्या आहेत," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. त्याने एकेक करून आठ-दहा बघितल्या. ओरडेल, डबा फेकील, असं मी धरून चाललो होतो. त्याने कारागिराने कारागिराला विचारावं तसं विचारलं, ट्रिमर किती फिरवला होतास. मी सांगितलं, पाव फेरा. दिव्यापुढे धरून बघितलं नाहीस का, म्हणाला. मी म्हणालो, नाही.

त्याने स्लाइड डब्यात परत ठेवली.

"पण सुई हलली होती ना, दादा?"

मी म्हणालो, हलली होती.

तो हसला नाही. फोनचं गिऱ्हाईक आलं, धाकट्याने काच बोटाने दाबून दाखवली, फोन दिला. मी उभा होतो. थोड्या वेळाने त्याने डबा माझ्याकडे सरकवला आणि मी घरी आलो. संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला. अजून तिचा फोन आलेला नाही.

कलम ११. आज सकाळी बाईंना पुन्हा बोलावलं होतं. दुसरे साक्षीदार म्हणून वकिलांचे टायपिस्ट यायचे होते. त्यांच्याआधी दारात धाकटा उभा. एकोणीस वर्षांनी. स्टूल घेऊन आला होता, तेच. ते टेबलाच्या उजव्या बाजूला टाकून बसला आणि म्हणाला, वहिनीचा कॅमेरा दे.

मी दिला. त्याने सेलचं झाकण उघडलं, रिंग बाहेर काढून डायोड तपासला. शाबूत होता. सेल मेला होता, नवा घातला. निळ्या डबीतला पाऱ्याचा सेल काढून त्याच्याशी दाब ताडून पाहिला. मग बूड उघडलं आणि ट्रिमर पाव फेरा वर घेतला. स्क्रूवर ओरखडा नाही. दिव्यापुढे धरला, सुई बघितली, कागदावर आकडा लिहिला, पुन्हा धरला, पुन्हा लिहिला. तिसऱ्यांदा धरला. तिन्ही आकडे सारखे आले तेव्हा बूड लावलं आणि कॅमेरा माझ्यापुढे ठेवला.

मी त्याला सातवं कलम वाचून दाखवलं. टेबल, दिवा, हत्यारं, सगळं. तो म्हणाला, "तू मेल्यावर मला काही नकोय."

टायपिस्ट अजून आले नव्हते. मी बाईंच्या आणि त्याच्या समोर सही केली, कारण हात तयार होता. बाईंनी सही केली. धाकट्याने त्यांच्या हातातून पेन घेतलं. मी त्याला सहावं कलम वाचून दाखवलं: घेणाऱ्याने साक्षीची सही केली तर त्याला दिलेलं बाद होतं. कळलं का, असं विचारलं. तो म्हणाला कळलं, आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी सही केली. वाळेपर्यंत फुंकर मारत बसला.

तेव्हा सातवं कलम बाद, आणि आठव्यातलं देणंही. टेबलाला आता वारस नाही. त्याचं काय करायचं ते मला जिवंतपणीच बघावं लागणार. तो अजून बसला आहे, आणि दातांच्या डॉक्टरांचा पहिला कॅमेरा उघडून आतली चांदी चिमट्याने काढतो आहे.

हे अकरावं कलम सह्या झाल्यावर लिहिलं, म्हणून त्याखाली आम्ही तिघांनी पुन्हा सह्या केल्या आहेत.

स्थळ : दुकान, कामाच्या टेबलावर.
दिनांक : चौदा नोव्हेंबर, सकाळी साडेअकरा.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही : कॅमेरा दुरुस्तीवाला

साक्षीदार पहिला : कानाची यंत्रं विकणाऱ्या बाई. सगळं वाचून सही केली.

साक्षीदार दुसरा : मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ, धंदा फोनची कव्हरं विकण्याचा. 'फोनची कव्हरं विकण्याचा' हे त्याने स्वतःच्या हाताने खोडून वर लिहिलं आहे : मीटर दुरुस्ती.